आवाजातला मळ

आमच्या दुरुस्तीच्या दुकानातून मळका आवाज कधी बाहेर गेलेला नाही. यजमान होते तेव्हाही नाही आणि आता मुलगा बसतो तेव्हाही नाही. शाळेचं तोंड मी फारसं पाहिलेलं नाही, पण गिटारच्या अ‍ॅम्पचा आवाज नितळ झाला की नाही, हे या घरात मीच सांगते. मुलगा आतले काचेचे व्हॉल्व्ह बदलतो, तारांच्या सांध्यांना कथलाचा डाग मारतो, मीटर लावून आकडे बघतो. बघू दे. शेवटी व्हॉल्यूम पूर्ण चढवायचा, तारांवर तळहात ठेवून त्या मुक्या करायच्या आणि मी स्पीकरच्या कापडाला कान लावायचा. मी ‘झालं’ म्हटलं की माल बाहेर. ‘अजून’ म्हटलं की पुन्हा टेबलावर.

तो अ‍ॅम्प एका गिटारवाल्यानं आणला. बूट चकचकीत, नखं कुरतडलेली.

“जोरात वाजवलं की आवाज फाटतो. मला काचेसारखा हवाय.”

“काच फुटते,” मी म्हटलं. “पाण्यासारखा म्हणा.”

तो हसला, पण माझ्याकडे बघून नाही, मुलाकडे बघून. ते मी लक्षात ठेवलं.

मुलानं मागची फळी काढली. पहिला व्हॉल्व्ह उगाच जोराचा बसवलेला होता, तिथं कमी जोराचा घातला. फुगलेले कपॅसिटर काढले, सॉकेट घासून पुसली. वाजवून पाहिलं तर फाटणं गेलं होतं. दुसऱ्या दुकानात तेवढ्यावर हार घातले असते. मी कान लावला. तळाशी काहीतरी कुरकुरत होतं.

“अजून.”

“आई, मला तर काही ऐकू येत नाही.”

“तुला बायको सोडून कुणाचं ऐकू आलंय?”

त्यानं एक सांधा उकलून नवा डाग दिला. कुरकुर थांबली. मग मी चहा टाकायला आत गेले. दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामधलं दार मी या घरात आल्यापासून कुरकुरत आलंय. ते बिनआवाज उघडलं.

“तेल घातलंस का गं?” मी सुनेला विचारलं.

“नाही बाई.”

न सांगता काम करणारी नाहीच ती. मी पुन्हा दार लोटून पाहिलं. बिजागरी तशीच गंजलेली होती.

दुसऱ्या खेपेला अ‍ॅम्पच्या आत कुत्रं भुंकत होतं. लांबून, विहिरीत पडल्यासारखं. मी ‘अजून’ म्हटलं. सकाळी शेजाऱ्यांचं कुत्रं फाटकाशी मानेला हिसके देत उभं होतं. जबडा उघडत होतं, मिटत होतं. आवाज नाही. मालक त्याच्या घशात बोट घालून बघत होता. त्या कुत्र्यानं माझी दुपारची झोप वर्षानुवर्षं खाल्ली होती. मला वाईट वाटलं नाही.

पण मला कळलं. मी अडाणी आहे, मठ्ठ नाही.

तिसऱ्या खेपेला कान लावला तर आत गुणगुण. सून पाळणा हलवताना गुणगुणते ती. सूर सुटलेला, शेवटाला दम संपलेला. मी मान वर केली. सून त्याच बिनआवाजाच्या दारात उभी होती, कडेवर बाळ, ओठाला पाण्याचा पेला.

“झालं का, आई?” मुलानं विचारलं.

आदल्याच दिवशी ती मला तोंडावर म्हणाली होती, “या घरात तुमच्याशिवाय कुणाला तोंड आहे का?”

“अजून,” मी म्हटलं.

डॉक्टरांनी तिच्या घशात बॅटरी मारली, आरशानं पाहिलं. घसा ठणठणीत. ती लिहून बोलायला गळ्यात दोरीनं पाटी अडकवून फिरू लागली. मुलाचं जेवण सुटलं.

“राहू दे आता हा अ‍ॅम्प. माझं मन लागत नाही,” तो म्हणाला.

“मन कसलं लावतोस, डाग लाव. बायको मुकी झाली म्हणून दुकान मुकं करायचं का?”

त्यानं डाग लावला.

चौथ्या खेपेला आत कुणी बाई होती. म्हातारी, कर्कश. पत्र्यावर खिळा ओढावा तशी कुणाला तरी फाडून खात होती. ऐकून माझ्याच दाताला कळ लागली. ओळखीची वाटेना. असेल कुणी गल्लीतली. सुटेल बिचाऱ्या गल्लीची पीडा.

“काढ तिला,” मी म्हटलं. “अजून.”

हे मी बोललेलं शेवटचं.

आपला आवाज आपल्याला बाहेरून कधी ऐकू येत नाही. कुणी सांगितलंही नव्हतं मला, तो तसा आहे म्हणून.

सुनेनं गळ्यातली पाटी काढली आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवली. हसली. आवाज नव्हता, पण हसली.

गिटारवाला न्यायला आला. त्यानं वाजवून पाहिलं. एकेक स्वर धुऊन वाळत घातल्यासारखा. त्याचे डोळे भरले.

“हाच आवाज. द्या बांधून.”

“आईनं एकदा ऐकलं की देतो,” मुलगा म्हणाला. त्यानं तारांवर तळहात ठेवला.

मी कान लावला.

सगळं नितळ. आणि अगदी तळाशी, केसाएवढं बारीक, बाळ रडत होतं.

मी मागे पाहिलं. सुनेच्या खांद्यावर बाळ गाढ झोपलं होतं.

‘झालं’ म्हणून मान हलवली असती तर संपलं असतं.

“आजींना कशाला त्रास?” गिटारवाला मुलाला म्हणाला. “आवाज गेला तसे कानही गेले असतील आता.”

मुलगा माझ्याकडे बघत होता. मी पाटी ओढली.

अजून.

“काय ऐकू येतंय, आई?”

मी खाली लिहिलं, नुसती खरखर आहे.

त्यानं डाग द्यायची सळई तापवली.

अ‍ॅम्प गेला. त्याच्यासारखा नितळ आवाज दुसरा नाही असं म्हणतात, आणि दुकानात रांग लागलेली आहे.

घरात आता शांत असतं. पाळणा आम्ही दुकानात, समोरच आणून ठेवलाय. काम करता करता कुणीतरी मान वर करून बघतं. तोंड उघडं दिसलं की बाळ रडतंय.