चार सेकंदांचा अंधार

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकली, आतला दिवा गेला, आणि आत एकटीच असलेल्या मुलीला पहिली काळजी कशाची वाटली म्हणाल? जिवाची? छे! चारच्या बैठकीला उशीर होईल याची.

"कोणी आहे का बाहेर?" तिनं दारावर थाप मारली.

"आहे की," वरून आवाज आला. "लिफ्टवाला. घाबरू नका, वायर निसटलीय."

"घाबरतंय कोण? लवकर काढा म्हणजे झालं. चौथ्या मजल्यावर अकरा माणसं खोळंबलीयत. वही माझ्याकडे आहे."

"कसली वही?"

"चुकवही. 'दूरयान'ची. तुम्हाला नाही कळायचं."

वरची खटपट एकदम थांबली.

"दुसऱ्या पर्वाचा आठवा भाग," आवाज म्हणाला. "यंत्रखोलीतला हातमोजा. तो चूक म्हणून लिहिलाय का तुमच्या वहीत?"

"अर्थातच. लाल शाईनं!"

"असं? मग बसा आत."

आणि वरून खरंच वाद सुरू झाला हो! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड. पण खरं सांगायचं तर... त्या काळोखात, घामाघूम अवस्थेत, तिच्या ओठांवर हसूही आलं होतं. ते कुणी पाहिलं नाही एवढंच.

आता हे 'दूरयान' काय प्रकरण, ते सांगायला हवं. परत फिरण्याचा रस्ता विसरलेल्या एका अवकाशयानाची ही मालिका. पाच पर्वं झाली, आणि यानावरची कप्तानबाई आणि तिथला यंत्रज्ञ यांचं एकमेकांवर प्रेम आहे की नाही, हे अजून कुणी तोंडानं बोललेलं नाही. त्यावरून चाहत्यांमध्ये उभी फूट. दर रविवारी टायपिंगच्या क्लासचा हॉल रिकामा असतो, तिथे ही मंडळी जमायची आणि तीन-तीन तास भांडायची. एका बाजूला 'जोडीवाले', दुसऱ्या बाजूला 'कामापुरतेवाले'. मालिकेत कुठे चूक सापडली, म्हणजे एका दृश्यात कप भरलेला आणि पुढच्यात रिकामा, की ती चुकवहीत जायची. नियम एकच, पण कडक: कुठलीही नोंद करायची किंवा खोडायची, तर विरुद्ध गटाच्या माणसाची सही हवी. म्हणजे ज्याच्याशी भांडलात त्यालाच पटवायचं.

आपली ही मुलगी कामापुरत्यांची म्होरकी. दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या आणि दातांवरच्या टोप्या बनवायची, म्हणून सगळे तिला 'दातवाली' म्हणत. पांढऱ्या रंगाच्या सोळा छटा नुसत्या नजरेनं ओळखणाऱ्या बाईच्या हातून पडद्यावरची चूक सुटणार कशी? आणि तिचं एक ब्रह्मवाक्य होतं: पडद्यावर दिसलं नाही, ते घडलंच नाही.

त्यामागेही एक कारण होतं. कॉलेजात एक जण दोन वर्षं तिच्या शेजारी बसायचा, तिची पुस्तकं उचलायचा, पावसात तिला छत्रीत घ्यायचा. हिनं मनातल्या मनात संसार थाटला. आणि एके दिवशी तो हसत हसत स्वतःच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. "तू आलंच पाहिजेस हं!" ती गेली, जेवली, फोटोतही उभी राहिली. घरी येऊन मात्र ठरवलं, की यापुढे नजरा, छत्र्या आणि पुस्तकं जमेला धरायची नाहीत. कुणी स्पष्ट बोललं तरच खरं.

तर, चार एकतीसला लिफ्ट हलली. दार उघडलं. समोर ग्रीसनं माखलेले हात, कपाळावर चढवलेला चष्मा, आणि अगदी निरागस चेहरा.

"तो हातमोजा चूक नाही," तो म्हणाला.

"दिवे जातात तेव्हा मोजा कप्तानबाईच्या हातात असतो. चार सेकंदांनी दिवे येतात तेव्हा तो यंत्रज्ञाच्या खिशात. ती पाच पावलं लांब उभी आहे. उडत गेला का मोजा?"

"मागच्या भिंतीवरचा काटा बघितलात? तापमानाचा? दिवे जाण्याआधी तांबड्यात आहे, आल्यावर निळ्यात. एवढं मोठं यंत्र चार सेकंदांत थंड होत नाही, बाई. अर्धा तास तरी लागतो. आपल्याला चार सेकंद दाखवले. अंधार अर्ध्या तासाचा होता."

अकरा वेळा पाहिलेला भाग, आणि काटा दिसला नव्हता!

"काटा हलवायला कुणीतरी चुकलं असेल," ती कशीबशी म्हणाली.

"असेल," तो हसला. "मी पण येऊ का वर? भांडायला?"

तो आला, आणि येतच राहिला. पहिल्याच दिवशी त्यानं अर्ज दिला, हातमोजा चुकांमधून खोडा. नोंद क्रमांक दोनशे बारा. त्यावर सही हवी होती दातवालीची. ती काही सही करेना, आणि हा वाद मिटेपर्यंत वहीत नवी नोंद होईना.

"अहो, करा की सही. माझा हात दुखायला लागला अर्ज धरून."

"पडद्यावर दाखवा, लगेच करते."

"सगळंच दाखवायचं म्हटलं तर अंधार कशाला ठेवलाय माणसानं?"

असं बोलला की ती वहीत डोकं खुपसायची. कान मात्र लाल व्हायचे. ते जोडीवाल्यांना दिसायचे, आणि ते एकमेकांना कोपरानं ढोसायचे.

उन्हाळा सरला, पावसाळा गेला. 'अहो' कधी गळून पडलं आणि 'अगं-अरे' कधी सुरू झालं, ते दोघांनाही कळलं नाही. टेबलाचा खण कुरकुरायचा, तो एका रविवारी गुपचूप चालायला लागला. कुणीतरी तेल घातलं होतं. पंख्याचा वारा थेट डोक्यावर आला की हिचं डोकं दुखतं, म्हणून तिची खुर्ची दर वेळी भिंतीकडे सरकवलेली असायची. बिनसाखरेचा चहा न सांगता समोर यायचा. या सगळ्याचा अर्थ काय? तिच्या नियमाप्रमाणे काहीच नाही. तो बोलला होता का? नव्हता. मग झालं तर!

पण रविवार उजाडला की पहाटेच जाग यायची, त्याचं काय करायचं?

घरी आईनंसुद्धा मालिका बघितली होती, मटार सोलता सोलता. "त्या बाईचं त्या मिस्त्रीवर मन आहे," आई म्हणाली. "त्यात दर रविवारी तीन तास भांडण्यासारखं काय आहे गं?"

"पुरावा लागतो, आई."

"तुझे वडील मला कधी 'प्रेम आहे' म्हणाले नाहीत. तीस वर्षं माझ्या चपला उन्हातून सावलीत ठेवतायत. लिही तुझ्या वहीत."

मधे एकदा लिफ्ट पुन्हा अडकली. दातवाली पुन्हा आत, तो पुन्हा बाहेर, आणि पुन्हा अर्धा तास वाद. ती कशी अडकली ते पुढे येईलच, घाई नको.

थंडी पडली. आईनं विणलेले लोकरी हातमोजे घालून ती स्कूटरवरून बैठकीला आली, तर दारातच मास्तर भेटले. मास्तर म्हणजे निवृत्त गणिताचे शिक्षक, जोडीवाल्यांचे पुढारी, आणि पोटात काही न राहणारे गृहस्थ.

"कळलं का? आपल्या लिफ्टवाल्याला कंपनी दुसऱ्या शहरात पाठवतेय. साठ मजली इमारत! सहा महिने. मंगळवारी निघतोय."

मंगळवार! म्हणजे हा शेवटचा रविवार, आणि या पठ्ठ्यानं आपल्याला सांगितलंसुद्धा नाही? डोळ्यांसमोर ती जुनी लग्नपत्रिका आली. पुन्हा तेच, पुन्हा आपणच मनात रंगवलेलं. तिचा स्वतःवरच असा संताप झाला, की हातमोजे न काढताच ती वही उघडून बसली.

तो आला. खुर्ची सरकवायला गेला, तर तिनं ती आधीच पंख्याखाली ओढून घेतलेली, आणि एवढ्या थंडीत पंखाही लावलेला.

"डोकं दुखेल," तो म्हणाला.

"माझं डोकं आहे. तुझ्या नव्या इमारतीसाठी शुभेच्छा."

"मास्तर!" त्यानं मागे वळून पाहिलं. मास्तर खिडकीबाहेर बघू लागले. "मी आज सांगणारच होतो."

"मला कशाला सांगायला हवं? मी कोण?"

मग त्यानं तिच्यासमोरची वही ओढली, खिशातलं पेन काढलं आणि लिहायला लागला. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. वही तिच्याकडे वळवली.

"नवी चूक सापडलीय. सही कर."

तिनं वाचलं.

'नोंद क्रमांक दोनशे तेरा. ठिकाण: लिफ्ट, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे. लिफ्ट चार वाजता अडकली, चार एकतीसला सुटली. निसटलेली वायर बसवायला सहा मिनिटं लागतात. उरलेली पंचवीस मिनिटं कुठे गेली, याचा खुलासा नाही.'

तिनं एकदा वाचलं. परत वाचलं. अक्षरं थोडी हलत होती, की तिचेच डोळे भरून आले होते?

"म्हणजे... तू मला मुद्दाम अडकवून ठेवलंस?"

"वायर सहाव्या मिनिटाला लागली होती," तो हळूच म्हणाला. "पण तू कप्तानबाईच्या उजव्या भुवईवरच्या व्रणाबद्दल बोलायला लागलीस. तिसऱ्या पर्वात तो डावीकडे जातो म्हणून. इतकी चिडली होतीस... मला वाटलं, हिचं पूर्ण होऊ दे. मग दुसरा विषय निघाला. मग तिसरा."

"मी घामानं भिजले होते रे, नालायका!"

"माहितेय. भरपाई म्हणून तर तेव्हापासून तुझी खुर्ची सांभाळतोय."

मास्तरांनी तोंडावर रुमाल धरला. टायपिंगच्या टेबलामागून कुणीतरी "करा सही!" म्हणून ओरडलं.

तिनं पेन उचललं, आणि खाली ठेवलं.

"नाही," ती म्हणाली. मान ताठ. "खुलासा नाही म्हणतोस ना? मग आधी खुलासा दे. तोंडानं. मला अंधारातलं कळत नाही. एकदा कळलंय असं वाटलं होतं, तेव्हा फार लागलं होतं. मला... ऐकायचंय."

तो हसायचा थांबला. चष्मा कपाळावरून काढून त्यानं टेबलावर ठेवला.

"तू मला आवडतेस," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. दार उघडायच्या आधीपासून. मला वाटलं, तेल घातलं, खुर्ची सरकवली, की कळतं माणसाला. चुकलंच माझं. सहा महिन्यांनी मी परत येणार आहे, आणि परत येईन तो तुझ्याकडे. आता ऐकलंस?"

"ऐकलं," ती म्हणाली. आणि मग, इतके दिवस दाबून ठेवलेलं हसू एकदाचं सगळ्यांच्या देखत फुटलं. "मलाही आवडतोस. कधीपासून, ते मला विचारू नकोस, मीच लिहून देते."

तिनं सही ठोकली. त्याच्याच खाली भराभर लिहिलं:

'नोंद क्रमांक दोनशे चौदा. लिफ्ट दुसऱ्यांदा अडकली तेव्हा तिच्यात काहीही बिघाड नव्हता. आतलं लाल बटण दाबलेलं होतं. मी दाबलं होतं.'

तिनं वही त्याच्यासमोर सरकवली. "चल, कर सही."

"ही चूक नाही," तो म्हणाला. "मला त्याच दिवशी दिसलं होतं बटण."

"आणि बोलला नाहीस?"

"लिफ्ट चालू असल्याचं सांगितलं असतं, तर तू वर गेली असतीस ना!"

आता मात्र हॉलचं छप्पर उडायचंच बाकी राहिलं. कामापुरतेवाल्यांनीसुद्धा टाळ्या पिटल्या, गटाची पार अब्रू गेली तरी!

संध्याकाळी सगळे जिन्यानं उतरले, अगदी गुडघेदुखीवाले मास्तरसुद्धा. लिफ्ट त्यांनी दोघांसाठी सोडली. दार बंद झालं. त्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता, आणि चेहरा अगदी निरागस.

"सहा महिने तू दिसणार नाहीस," ती म्हणाली.

"दिसणार नाही. पण तिकडे सगळं घडत राहील. फोन करीन, चिडवीन, तुझी आठवण काढीन. मानशील?"

ती काही बोलणार, इतक्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे लिफ्ट थांबली, आणि दिवा गेला.

"बिघाड?" अंधारात तिचा आवाज.

"देखभाल," त्याचा आवाज.

त्यानंतर काय झालं, ते पडद्यावर दिसलं नाही. दिवा आला तेव्हा दोघंही आपापल्या कोपऱ्यात शहाण्यासारखी उभी होती. फक्त तिच्या डाव्या हातातला लोकरी मोजा त्याच्या खिशातून डोकावत होता.

खाली पोचल्यावर तिनं पर्समधून वही काढली आणि लिफ्टच्या दारावर टेकवून दोनशे बारा क्रमांकावर सही केली.

घरी आल्यावर आईनं तिच्या हातांकडे पाहिलं.

"एक मोजा कुठे गेला गं? पडला का वाटेत?"

"नाही आई."

आईनं तिचा चेहरा नीट न्याहाळला. मग विणायच्या सुया आणि लोकरीचा गुंडा काढला.

"त्याच्या हाताचं माप घेऊन ये," आई म्हणाली. "एका मोज्यानं त्याची थंडी कशी भागणार?"