पुढे गेलेले दोघे

१९९५च्या सप्टेंबरात एका रविवारी मी आणि दगा पाटील सायकलींवरून व्याराला निघालो. जाऊन-येऊन एकशे तीस किलोमीटर. आम्हाला ते जड नव्हतं. त्याआधी एकाच दिवसात वलसाड करून आलो होतो.

मी भेस्तानला राहतो, मराठी शाळेत भूगोल शिकवतो. दगा डिंडोलीचा, यंत्रमागावर फिटर. त्याची मुलगी वर्षा माझ्या वर्गात होती, त्यातून ओळख झाली. दगाचे पाय असे की चढावर उभा न राहता सायकल रेटायचा.

सहाला निघालो तेव्हा आकाशाचं काही ठरत नव्हतं. पूर्वेला ऊन, दक्षिणेला काळं. दगाची बायको सरलाबाई ओट्यावर आली होती. म्हणाली, "सर, पान्याचं काय खरं दिसत नही."

"दुपारपर्यंत पडणार नाही," मी सांगितलं. वारा मी पाहिला होता. माझा अंदाज सहसा चुकत नसे.

पलसाण्याला साडेसात झाले. डाइंग मिलच्या गटारातून जांभळं पाणी वाहत होतं, हवेत सोड्याचा उग्र वास. नाक्यावरच्या चहावाल्याने आम्हाला पाहून भुवया उंचावल्या.

"अरे साहेब, पाछा आव्या?"

परत कुठले येतो, आत्ताच येतोय, म्हटलं. तो हसला. अर्ध्या तासापूर्वी आम्ही दोघं तिथेच, त्याच बाकावर चहा पिऊन गेलो होतो म्हणे. चष्मेवाले साहेब आणि लाल टोपीवाला.

दगाने डोक्यावरची लाल टोपी चाचपली. "आपलासारखा आजून दोन येडा शेतस सर!"

मलाही हसू आलं. हायवेवर रोज शेकडो माणसं थांबतात, चहावाल्याचा घोटाळा होणारच. आम्ही बारडोलीचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना उभा ऊस, पानांची सळसळ आणि मधूनच अंगावरून सरकणारी ढगांची सावली. सायकली मस्त पळत होत्या.

बारडोलीत नऊच्या सुमाराला हवा भरायला थांबलो. दुकानदार निंबा शिरपूरकडचा निघाला. त्याने पंप बाजूला ठेवला आणि दगाच्या पायाकडे पाहिलं.

"पट्टी कुठे गेली?"

"कोणती पट्टी?"

"आत्ता तासाभरापूर्वी बांधली ना मी. डावा गुडघा. केवढा सोलला होता." मग माझ्याकडे वळून, "सर, तुम्हीच तर धरून बसला होता त्याला."

दगाने पँट वर करून गुडघा दाखवला. साधा ओरखडाही नव्हता. निंबाने वाकून नीट पाहिलं. मग हवा भरली.

बारडोली सोडल्यावर सहाएक किलोमीटरवर एक बैलगाडी आडवी आली. दगाने ब्रेक दाबला, चाक ओल्या मातीवर घसरलं. तो उठला तेव्हा डावा गुडघा सोललेला होता.

मी रुमाल बांधला. गाठ मारताना आम्ही दोघंही एकमेकांकडे पाहत नव्हतो.

"योगायोग," मी म्हणालो.

"हां," दगा म्हणाला.

तरी आम्ही पुढे गेलो. दोन सरळ माणसं भर दिवसा मागे वळतात, तर कारण काय सांगणार? वालोडच्या पुढे एका नदीवर फरशी पूल होता. फरशीवरून घोट्याएवढं पाणी वाहत होतं, स्वच्छ, तळ दिसेल असं. डोक्यावर ऊन होतं. फक्त वरच्या अंगाला, डोंगरांकडे, आकाश शाईसारखं झालं होतं.

अलीकडच्या काठावर एक म्हातारी मक्याची कणसं भाजत बसली होती. मला पाहताच ती उठली. जवळ येऊन तिने माझ्या बाहीला हात लावला. बाही कोरडी आहे याचं तिला नवल वाटलेलं दिसलं.

"मळ्यो?" तिने हळूच विचारलं. "तारो भाईबंध मळ्यो?"

सापडला का तुझा सोबती.

मग तिला माझ्यामागे उभा असलेला दगा दिसला. ती मागे मागे सरत शेगडीपाशी गेली आणि पाठ करून बसली.

दगाने ते ऐकलं होतं. त्याचा चेहरा रागाने लाल झाला. "पाऊल बुडंना एवढं पाणी. म्हातारीले घाबरू?" त्याने सायकल फरशीवर घातली.

मी त्याचं कॅरिअर धरलं.

"सोडा, सर."

"दगाभाऊ, मागे या."

"सोडा म्हनतो ना!"

मी सोडलं नाही. दोन्ही टाचा चिखलात रोवून सायकलीसकट त्याला ओढलं. तो माझ्यावर पडला, शिवी देऊन उठला आणि तसाच थांबला.

आधी आवाज आला. रिकाम्या ड्रमवरून वाळू ओतावी तसा.

मग पाणी तांबडं झालं.

मग फरशी दिसेनाशी झाली.

पलीकडच्या काठाचं बाभळीचं झाड वाकलं आणि गेलं.

दगा खाली बसला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा उबदार होता, घामाने भिजलेला, जिवंत. मला त्या क्षणी भीती नव्हती. उलट छाती भरून आली होती. जे काय होतं ते आम्ही चुकवलं होतं, आणि ते मी चुकवलं होतं.

परतताना कुठेही थांबलो नाही. साडेतीनला डिंडोलीत शिरलो. दगाच्या गल्लीत बायका जमल्या होत्या. आम्हाला पाहून त्या दोन्ही बाजूंना सरकल्या.

ओट्यावर सरलाबाई बसली होती. कपाळ पुसलेलं. पुढ्यात काचेच्या बांगड्यांचे तुकडे.

तिने दगाकडे पाहिलं. बराच वेळ. मग माझ्याकडे.

"सर, एक वाजता तुम्हीच सांगी गयात," ती शांतपणे म्हणाली. "वर्षाना बाप पान्यात गया म्हनून. आठेच बसून रडनात. मंग हाई कोनले आनं?" मग हा कोणाला घेऊन आलात, असं ती मला विचारत होती.

दगा हसायला गेला. वर्षा दाराआडून बाहेर आली नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. दगा त्याच घरात राहतो, कामावर जातो, सणाला मला जेवायला बोलावतो. सरलाबाई त्याला वेळेवर वाढते, कधी वाकडं बोलत नाही.

कुंकू मात्र तिने परत लावलेलं नाही.