रिकाम्या पलंगाभोवती

नुआलानं सकाळीच दोन मोठे पाव कापून हॅमची सँडविचं रचली. मग शेजारणीकडं जास्तीच्या कपबश्या मागायला गेली. शेजारणीनं दार फटीएवढं उघडलं, "नाहीत गं," म्हणाली आणि लावून घेतलं. बेलफास्टच्या त्या गल्लीत मयताच्या घराला कपबश्या नाकारणं म्हणजे तोंडावर थुंकणंच!

पण मयत होतं कुठं? नुआलाच्या थोरल्या भावाला, फर्गलला, आपल्याच बाजूच्या बंडखोरांनी इंग्रजांचा खबऱ्या ठरवून भरदिवसा गाडीत घातलं आणि सरहद्दीकडच्या दलदलीत कुठंतरी पुरलं. चाळीस वर्षं झाली. प्रेत नाही म्हणून दफन नाही, आणि घरात मढं ठेवून चार माणसांनी त्याच्यापाशी बसणंही नाही. आता बस्स झालं, असं नुआलानं ठरवलं. प्रेत नसेना का, आज फर्गलपाशी बसायचंच.

गल्लीतलं कुणी येणार नाही हे तिला ठाऊक होतं. समोरच्याच घरात मॅलकी क्विग राहत होता. ती गाडी त्याच्या हुकमानं आली होती, हे पोरासोरांनाही माहीत होतं. ऐंशीचा झाला तरी त्याचा दरारा तसाच होता. म्हणून तिनं परदेशी मुलांना बोलावलं. आयर्लंडचा इतिहास आणि इथला संघर्ष तीन आठवड्यांत उरकायला ही मुलं दर उन्हाळ्यात येत, भिंतींवरच्या चित्रांचे फोटो काढत, तहांची कलमं पाठ करत. चिलीची इर्मा तिच्याकडंच उतरली होती.

"कलमं पुरे झाली," नुआला तिला म्हणाली होती. "दुपारी वर्गातल्यांना घेऊन ये. माझ्या भावाला भेटा."

पुढच्या खोलीत पलंगावर पांढरी चादर, कोरी उशी, उशाशी मेणबत्ती. एकच गोष्ट नुआलानं उलटी केली. माणूस गेला की इथं खिडकी उघडतात, आत्म्यानं बाहेर जावं म्हणून. मग आठवणीनं लावतात, त्यानं परत येऊ नये म्हणून. तिनं ती सकाळपासून सताड उघडी ठेवली होती.

मुलं रांगेनं आली. नुआलाशी हात मिळवून, "वाईट झालं," असं पुटपुटून पुढं सरकली. इर्मा मात्र चहा घ्यायला गेली ती हात पुसत परत आली.

"बाई, तुमच्या नातलगाचा हात किती गार आहे हो..."

"कोण नातलग?"

"तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसलाय तो. ओला झालाय बिचारा..."

शेजारची खुर्ची रिकामी होती. खोलीत दलदलीच्या काळ्या मातीचा वास भरला होता. नुआलाला भीती वाटलीच, पण त्याहून जास्त जीव हरखला. ती उठली नाही.

तेवढ्यात दारात काठी वाजली. मॅलकी क्विग.

"परक्यांपुढं काय तमाशा मांडलायस, पोरी?"

"आपल्यांपुढं मांडला असता, मॅलकीकाका. पण आपले पडद्याआड लपलेत."

त्याची नजर खिडकीवर गेली. "ती लाव आधी..."

"नाही लावणार."

"लाव म्हणतो ना..."

"मयताच्या दारात आलात. रीत तुम्हाला मी शिकवायची? मयताच्या कपाळाला हात टेकवा आणि जा. का फाटली?"

समोरच्या घरांचे पडदे हलले. एकदोन दारं उघडली. सगळ्यांदेखत माघार घेणं क्विगच्या रक्तात नव्हतं. तो आत आला, रिकाम्या उशीवर वाकला आणि हात खाली नेला. हात उशीपर्यंत पोचलाच नाही. मध्येच, हवेत, कशावर तरी टेकला.

त्यानं तो ओढला. हात येईना.

"सोड मला..."

"मी कुठं धरलंय?" नुआला जागची हलली नाही. "कुठं पुरलंत? मोठ्यानं बोला. गल्लीला ऐकू जाऊ दे."

क्विग बोलला. ओढ्यापलीकडची दलदल, एकट्या काटेरी झाडाच्या उत्तरेला. रस्त्यावर कुणी बाई हुंदका देऊन रडली. नुआलानं डोळे पुसले.

"सांगितलं रे त्यानं, फर्गल. सोड आता."

हात सुटेना.

"बाई..." इर्मा भिंतीला चिकटली होती. "खिडकीतून अजून दोघं आत येतायत... तसेच ओले..."

फर्गलसारखेच आणखी दोघं तेव्हा गायब झाले होते; त्यांच्याबद्दल गल्लीत कधी कुणी ब्र काढला नव्हता. नुआलानं खिडकीकडं पाहिलं. तिला काही दिसलं नाही. तरी ती उठली आणि दोन खुर्च्या पुढं ओढल्या.

"या रे पोरांनो, बसा," ती म्हणाली.

आणि कुणी न विचारता मॅलकी क्विग दुसरी जागा सांगू लागला.