जेवून बसलेला माणूस

वीज गेली, तशी जेल रोडच्या त्या चार मजली इमारतीतली पोरं एकेक करून गच्चीवर आली. निकिताच्या मोबाइलवर टॅरो कार्डांचं नवं ॲप होतं. ती रुद्रचं भविष्य काढत होती.

"तुझ्या आयुष्यात लवकरच एक गूढ स्त्री येणार आहे."

"गणिताच्या मॅडम असतील," सनी म्हणाला, आणि सगळे हसले.

पाण्याच्या टाकीला टेकून बसलेले निवृत्तीकाका मात्र हसले नाहीत. प्रेसमधून रिटायर झाल्यापासून रात्रीची त्यांची जागा तीच.

"ते बंद कर, निकिता."

"अहो काका, गंमत आहे नुसती."

"गंमत असती तर काही म्हणालो नसतो. समोरच्या इमारतीतल्या योगिनीनं हेच मनापासून शिकायला घेतलं होतं. आठवते ना योगिनी? सुवर्णावहिनींची मुलगी?"

निकितानं मोबाइल उलटा ठेवला. अंधार आणखी दाट झाला. काकांनी पाय जवळ ओढून घेतले आणि सांगायला सुरुवात केली.

योगिनी एडिंबराला जाऊन मानसशास्त्र शिकून आली. तिथं नोकरी मिळत होती, तरी परतली. का? तर आपल्याकडं माणूस गेला की तेरा दिवस घर भरलेलं असतं आणि चौदाव्या दिवशी मागं राहिलेल्याशी बोलायला कुणी नसतं. अशा माणसांपाशी बसायचं, त्यांचं ऐकायचं, पैसे घ्यायचे नाहीत, असं तिनं ठरवलं होतं. डोळे चमकायचे बोलताना. तळमजल्यावर एक खोली घेतली, पाटी लावली. दोन महिन्यांत आत आला तो एकटा वॉटर फिल्टर विकणारा.

मग तिच्या ध्यानात आलं की समुपदेशन म्हटलं की लोक लांब पळतात, पण पत्ते मांडले की मांडी घालून बसतात. तिनं टॅरोचा जोड मागवला. रोज सकाळी एक पान काढायचं, त्याच्याकडं बघत राहायचं, मग पुस्तिकेतला अर्थ वाचायचा, असा सराव सुरू झाला. सरळ पान एक सांगतं, उलटं पडलं की भलतंच. सारखा गोंधळ उडायचा. माझ्यावरही प्रयोग केला. म्हणाली, "काका, तुमचा लांबचा प्रवास आहे." मी म्हटलं, "हो बाई, उद्या सिन्नरला लग्न आहे."

ऑनलाइन शिकवणाऱ्या बाईंनी तिला एक नियम घालून दिला होता. पडलेलं पान बदलायचं नाही. आवडो न आवडो, जे पडलं तेच बोलायचं.

आता दीपकचं सांगतो. दीपक सामनगावचा. आपल्या दोन्ही इमारतींचा वायरमन. बत्तिशी दाखवत बोलणारा पोरगा. गेल्याच्या गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला योगिनीच्या घरी इन्व्हर्टर बसवायला आला होता. दुपार झाली, सुवर्णावहिनींनी जेवायचा आग्रह केला. "पुढच्या वेळी नक्की, काकू. आज आई ताट झाकून बसलीय," म्हणाला आणि गेला. दिवाळीच्या पाडव्याला त्याच सामनगाव रस्त्यावर अंधारात उभ्या ट्रॉलीवर त्याची गाडी आदळली. सव्वीस वर्षांचा होता.

दहाव्याला गोदावरीवर आम्ही सगळे गेलो. पिंड मांडले. झाडावर कावळे ढिगानं, पण एकही खाली उतरेना. तुम्हाला माहीतच आहे, कावळा शिवला नाही तर गेलेल्याचं काहीतरी मागं राहिलंय असं धरतात. मग घरचे एकेक जण हात जोडून पुढं होतात आणि त्याला शब्द देतात. चुलते म्हणाले, आईला सांभाळू. मित्र म्हणाला, हप्ते मी फेडतो. मामा म्हणाले, घराचं प्लास्टर पुरं करू. सगुणाबाई, त्याची आई, नुसतं म्हणत होती, "काय पायजे रं तुला? सांग की." दुपार टळली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. विधी उरकला. पण सगुणाबाईनं घरी येऊन ताट सरकवून दिलं. तो उपाशी असताना मी कशी जेवू, म्हणाली. रोज दिवस कलायच्या आत गच्चीच्या कठड्यावर पत्रावळीत दहीभात ठेवायची. कावळा शिवायचा नाही. मग ही चहावर झोपायची. महिना संपत आला तोवर बाई भिंत धरून चालायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर हातची जाईल.

कार्तिक वद्य चतुर्दशी. शुक्रवार. दुसऱ्या दिवशी अमावास्या. सुवर्णावहिनींनी डब्यात मुगाची खिचडी भरली आणि योगिनीला म्हणाल्या, "एवढी देऊन ये. चार घास गेले तर बघ. आणि लवकर नीघ, त्या उसात बिबट्या दिसलाय परवा."

"बिबट्याला काय मीच मिळणार आहे का गं," म्हणत योगिनीनं स्कूटी काढली. पिशवीत डबा होता. आणि पत्ते.

पोचली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. सगुणाबाई चुलीपाशी बसलेली. डब्याला तिनं हातही लावला नाही.

"ने बाई परत. अजून शिवला नाय तो."

"मावशी, मी पानं काढून बघू? दीपकचं काय म्हणणं आहे ते कळेल कदाचित."

सगुणाबाईनं मान वर केली. कितीतरी दिवसांनी तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "ह्यात कळतं?"

सतरंजी अंथरली. पानं पिसली. सगुणाबाईच्या हातानंच एक पान ओढायला लावलं. पडलं ते आठ पेल्यांचं. पुढं आठ पेले रचलेले, पण मधे एकाची जागा रिकामी. आणि पलीकडं, काठी टेकत, पाठ फिरवून निघालेला माणूस. तोंड दिसत नाही. योगिनीला अर्थ कळला. एक पेला कमी, म्हणजे काहीतरी राहिलंय, आणि माणूस अजून चालतोय... हे या माउलीला कसं सांगायचं?

तेवढ्यात चुलीवरचा चहा उतू गेला. सगुणाबाई उठली. तिची पाठ वळली आणि योगिनीनं ते पान सतरंजीखाली सरकवलं. जोडातून पटकन दुसरं शोधलं, नऊ पेल्यांचं, आणि त्या जागी ठेवलं.

सगुणाबाई परत येऊन बसली. पान डोळ्यांजवळ धरलं. एक गुबगुबीत गडी हाताची घडी घालून बाकावर बसलाय, मागं ओळीनं भरलेले पेले.

"हा तर जेवून बसल्यागत दिसतोय गं."

"हो मावशी. तृप्त आहे तो. पोट भरलंय त्याचं."

"मंग कावळा का शिवंना?"

योगिनी उठली. "थांबा, वर बघून येते," म्हणाली आणि जिना चढली.

कठड्यावर पत्रावळ तशीच होती. भाताचा गोळा, वर दही. तिनं इकडं तिकडं पाहिलं. घाटावर गुरुजींनी नाही का गवताचा कावळा केला? माणूस जगवायचा तर एवढं चालतं. तिनं अंगठा आणि तर्जनी जुळवून गोळ्याचा वरचा भात चिमटला आणि पलीकडं टाकून दिला. चोच मारल्यासारखी खूण उठली. पण मन खाऊ लागलं. नुसतं खोटं कशाला, शब्द तरी खरा देऊ, असं वाटून तिनं हात जोडले, जसे घाटावर जोडलेले पाहिले होते.

"दीपक, तुझं जे काय राहिलं असेल ते मी बघेन. आता जेव."

मागं बांगड्या वाजल्या. सगुणाबाई जिन्यात उभी होती.

"मावशी, बघा! शिवलाय! आत्ताच शिवला!"

म्हातारी कठडा धरत आली. मोबाइलची बॅटरी पत्रावळीवर धरली.

"पोरी... अंधारात कावळा?"

योगिनी चपापली. इतकी वर्षं बाहेर राहिलेली पोर ती. दिवस मावळला की कावळा झाडावरून हलत नाही, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"ही चोच नाय," सगुणाबाई वाकून म्हणाली. "बोटं हायेत ही. दोन बोटं." तिचा आवाज बदलला. "असाच चिमटायचा भात. ल्हान होता तवापासून. वरचा वरचा... लय रागवायचे मी."

"मावशी, ऐका ना..."

"कावळा कशाला येईल? माझं लेकरू सोताच येऊन गेलं."

आता सांगायला हवं होतं. योगिनीनं तोंड उघडलं. पण सगुणाबाई भराभर जिना उतरत होती, भिंत न धरता. खाली जाऊन तिनं डबा उघडला आणि खिचडीचा घास तोंडात घातला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती जेवत होती. योगिनी तिच्यासमोर बसून राहिली.

जेवण झालं. सगुणाबाईनं दुसरं ताट घेतलं. भात वाढला. वर परात झाकली.

"हे कुणाला?"

"त्याला. आता वाट सापडली ना त्याला. दाराला कडी नाय लावायची आज." मग हसून म्हणाली, "तू शब्द दिलाय बाई. त्याचं राहिलेलं तू बघनार."

योगिनी निघाली तेव्हा नऊ वाजले असतील. अर्ध्या वाटेत तिला आठवलं, सतरंजीखालचं पान तसंच राहिलं. परत फिरावंसं वाटेना. मनाला स्वस्थता नव्हती. उद्या सकाळी जाऊन खरं सांगू. नको, जेवायला लागलीय ती. सांगायलाच हवं. नको...

दोन्ही बाजूंना ऊस. स्कूटीच्या उजेडात पुढं एक माणूस चालताना दिसला. हातात काठी. बिबट्याच्या भीतीनं गावातली माणसं काठी घेऊनच निघतात, तिला त्याचं काही वाटलं नाही. तिनं हॉर्न दिला, त्याला मागं टाकलं.

वळण आलं.

पुढं एक माणूस. काठी टेकत. पाठमोरा.

तिनं वेग वाढवला. मागं टाकलं. आरशात पाहिलं नाही.

पुन्हा वळण.

पुन्हा तीच पाठ.

ऊस सळसळत नव्हता. कुत्रं भुंकत नव्हतं. स्कूटीचा आवाजसुद्धा लांबून आल्यासारखा... तिला ती पाठ ओळखीची वाटली. कुठं पाहिली? आणि मग कळलं. जी तिनं सतरंजीखाली दडपून ठेवली होती, तीच पानातली पाठ.

"दीपक?" तिच्या तोंडून निघून गेलं.

तो वळला नाही. थांबलाही नाही.

सिन्नर फाट्याचे दिवे आले. रिक्षा, अंडाभुर्जीची गाडी, माणसं. तो दिसेनासा झाला. योगिनीनं मोठा श्वास घेतला. घराच्या गल्लीत वळताना मात्र एक गोष्ट तिच्या लक्षात आली. त्यानं तिचा पाठलाग केला नव्हता. तो सगळा वेळ तिच्या पुढं होता. तिच्याच वाटेनं.

सुवर्णावहिनींनी दार उघडलं. "आता कशी आलीस? मघाशी बेल वाजवून कुठं गेली होतीस?"

"मी?"

"मला वाटलं तूच. म्हणून ताट वाढलं. दार उघडलं तर कुणी नाही. मग ठेवलं झाकून. मांजराच्या भीतीनं वर बत्तासुद्धा ठेवलाय. जेव आता."

"भूक नाही गं."

वहिनी झोपायला गेल्या. योगिनी खोलीत येरझाऱ्या घालत राहिली. खिडकी लावली. उघडली. पत्त्यांचा डबा कपाटात ठेवला, परत काढला, पलंगाखाली ढकलला.

फोन वाजला. सगुणाबाई.

"झोपली नाय ना, पोरी?"

"नाही मावशी."

"तो आला व्हता गं..."

योगिनी पलंगाच्या कडेला बसली.

"दारात उभा राह्यला. म्या म्हनलं, आत ये, जेव. ताट झाकून ठिवलंय..."

"मग?"

"नको म्हनला. पोट भरलंय म्हनला. योगिनीताईकडं जेवून आलो... काकूंनी वाढलं व्हतं." म्हातारी हुंदका आवरत हसली. "तुझ्या पानात दिसला तसाच दिसत व्हता बाई. जेवून बसल्यागत. मी झोपते आता. तू बी झोप."

फोन बंद झाला.

योगिनी स्वयंपाकघरात आली. दिवा लावला. ओट्यावर ताट होतं. वर झाकण. झाकणावर पितळी बत्ता, ठेवला तसाच.

तिनं बत्ता उचलला.

झाकण काढलं.

भाजी तशीच. पोळी तशीच. मधे भाताची मूद...

मुदीच्या वर चिमटा होता. दोन बोटांचा.

तिनं आपला अंगठा आणि तर्जनी त्या खुणेत ठेवून पाहिली.

खूण मोठी होती, तिची बोटं सैल पडली.