निघणाऱ्याची तीट

त्या संध्याकाळी व्यंकटराव गुलमंडीवर निघाले ते दोन कामांसाठी. चष्म्याची काडी बसवून घ्यायची होती, आणि नातीचा पासपोर्टचा फोटो फोटोवाल्या मोतीरामकडून सरकारला आवडेल असा करून घ्यायचा होता. काडी लगेच बसली. फोटोचं मात्र वेगळंच झालं, तेच सांगतो. जरा जवळ सरका, म्हणजे मला मोठ्यानं बोलावं लागणार नाही.

नात होती जर्मनीत. जावई विश्वजित शेंद्र्याच्या कारखान्यात होता, तिथून कंपनीनं त्याला तिकडं पाठवलं, पाठोपाठ मुलगी मनस्विनी गेली आणि श्रेया तिकडंच जन्मली. आता ती आठ महिन्यांची झाली होती. पासपोर्ट नसल्यामुळं तिला देश सोडता येत नव्हता, आणि नुकतीच रांगू लागल्यामुळं खोलीही धड सोडता येत नव्हती.

पासपोर्टच्या फोटोचे नियम मनस्विनीनं फोनवर वाचून दाखवले होते. मागं पांढरंशुभ्र हवं. सावली नको. डोळे उघडे, तोंड मिटलेलं. धरणाऱ्याचा हात दिसायला नको. चेहऱ्यावर काही नको. फोटोत फेरफार तर मुळीच नको. व्यंकटराव तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. लोकांचे अर्ज परत पाठवण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. तरी हे नियम ऐकून त्यांनी मनातल्या मनात टोपी काढली.

"लिहिणारा माणूस मोठा आहे," ते म्हणाले. "फक्त त्याला मूलबाळ नसणार."

पहिला फोटो सावलीपायी परत आला. दुसऱ्यात श्रेयानं जांभई दिली होती. त्यापुढचे सगळे एकाच कारणानं परत आले: चेहऱ्यावर डाग.

"मने, पोरीला तीट लावून फोटो काढतेस का?" व्यंकटरावांनी विचारलं.

"बाबा, माझ्याकडे काजळच नाही. मोबाइलवर तिचे इतके फोटो पाठवते, एकात तरी आहे का? पांढऱ्या चादरीवर ठेवून पासपोर्टचा म्हणून काढला, की येतो. विश्वजित म्हणतो, लेन्सवर काहीतरी आहे."

"मग लेन्स पुसा."

"पुसली. दुसरा फोन घेतला. मग शेजारच्या बाईंचा घेतला. तरी येतोच." तिनं नाक ओढलं. "बाबा, आईच्या वर्षश्राद्धाला नाही ना पोचले... तर मग मी आलेच नाही असं होईल."

व्यंकटरावांची बायको अंबिका गेल्या वर्षी गेली. मनस्विनीचं बाळंतपण करायला ती जर्मनीला जाणार होती. झबली, टोपडी, बाळंतशेपा, सगळं बॅगेत भरून झालं होतं, आणि एका सकाळी ती उठलीच नाही. मनस्विनीला तेव्हा डॉक्टरांनी प्रवासाची मनाई केलेली. आईला तिनं शेवटचं पाहिलं ते मोबाइलवर. आता निदान वर्षश्राद्धाला यायचं, श्रेयाला आजीच्या फोटोपुढं ठेवायचं, एवढं एकच तिनं मनाशी धरलं होतं. व्यंकटरावांनीही तेच धरलं होतं, पण ते बोलत नसत. श्राद्ध दीड महिन्यावर आलं होतं, आणि सगळी गाडी त्या डागापाशी अडली होती. म्हणून ते म्हणाले होते, "फोटो मला पाठव. मोतीराम बघेल."

मोतीरामचा स्टुडिओ कापडाच्या दुकानांच्या मधल्या बोळात, जरा आत. बाहेर गर्दी नि रिक्षांचे भोंगे, आणि आत शिरलं की कापसात गुंडाळल्यासारखी शांतता.

"या भाऊसाहेब! आज कुठला दाखला जोडू?"

"जुना राग काढतोस का?"

"राग नाय ओ, आठवण. माझं रेशन कार्ड तुमी परत पाठवलं होतं. अर्जदार ओळखू येत नाय म्हणून. अन् फोटो माझा, मीच काढलेला!"

"मग चूक कुणाची?"

मोतीराम हसत संगणकासमोर बसला. पडद्यावर श्रेया आली. गोल चेहरा, मिटलेले ओठ, दोन्ही कान उघडे. अगदी नियमात बसणारी पोरगी. फक्त डाव्या गालावर काळा ठिपका.

"काजळ लावलंय की."

"नाही लावलेलं."

"मग मच्छर बसला आसंल."

"जर्मनीत?"

"मच्छरला काय पासपोर्ट लागतो व्हय?"

"पण मोतीराम, फेरफार चालत नाही म्हणतात."

"डाग पुसायला फेरफार कोन म्हनतंय? ती साफसफाई." त्यानं माउस फिरवला, ठिपका गेला, गाल लख्ख झाला. यंत्र घरघरलं आणि चकचकीत कागद बाहेर आला.

कागदावर ठिपका होता.

मोतीरामनं एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा कागदाकडं. पडद्यावर गाल स्वच्छ. त्यानं मान हलवली, पुन्हा छापलं. पुन्हा ठिपका. त्यानं शाई बदलली, कागद बदलला. ठिपका तिथंच, आणि जरा गडद. आता तो विनोद करीत नव्हता.

"मूळचा फोटो मोठा करून बघू," तो म्हणाला, आणि श्रेयाचा गाल वाढत वाढत सगळा पडदा भरून गेला. ठिपका बशीएवढा झाला. त्याच्या मधोमध, आडवी, केसाएवढी पांढरी रेघ होती.

व्यंकटरावांनी नुकती बसवलेली काडी सावरली. खुर्चीचा हात धरला.

अंबिकेच्या उजव्या हाताच्या अनामिकेवर विळीनं कापल्याची खूण होती, बोटाच्या टोकाला आडवी. त्यामुळं तिनं लावलेली तीट कधी अखंड नसायची. मधे एक रेघ कोरी राहायची. आणि तिची तीट ही लहान मुलांपुरती नव्हती. घरातून प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकाला ती लावायची. मोठ्यांना कानामागं, लोकांना दिसू नये म्हणून. व्यंकटराव बदलीवर लासूर स्टेशनला होते, तेव्हा दर सोमवारी पहाटे त्यांच्या कानामागं तिचं गार बोट टेकायचं. मनस्विनी पुण्याला शिकायला निघाली, तर बसच्या खिडकीतून हात घालून लावली. घरात बसणाऱ्याला मात्र ती कधी लावीत नसे. "घरातल्याला कोण बघतंय?" ती म्हणायची. "नजर वाटेवर बसलेली असते."

शेवटच्या आंघोळीच्या वेळी शेजारच्या बायकांना तिच्या स्वतःच्या कानामागंही तीट दिसली होती. जर्मनीला जायची घाई, असं सगळ्या म्हणाल्या. विमानाला तर तेव्हा चांगला महिना बाकी होता.

"भाऊसाहेब, हे काय..." मोतीराम बोलू लागला, आणि वीज गेली.

बोळातला गलका क्षणभर थांबला. अंधार जाड होता. त्यात आधी आला तो वास: एरंडेलाच्या विझत्या वातीचा, त्यामागून तुपाचा, त्यामागून कापराचा. मग अगदी जवळून एक बारीक आवाज. पत्र्याच्या डबीचं झाकण फिरल्यासारखा. करकर... आणि थांबला.

"भाऊसाहेब..."

"हं."

"तुमी... काई उघडलं का आत्ता?"

"नाही."

"मग... दिवा कुनी लावलाय? वास येतोय बघा... घरातल्यासारखा."

व्यंकटरावांना भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. मानेवरचा केस न् केस उभा होता. पण अंबिका घरी काजळ धरायची तेव्हाचा तो वास वर्षभरानंतर नाकात गेला होता, आणि तो संपू नये असं त्यांना वाटत होतं.

वीज आली. शेवटचा छापलेला फोटो टेबलावर होता. मोतीरामनं तो अंगठ्यानं उचलला आणि चटकन टाकला. अंगठ्याला तुपकट काळं लागलं होतं. छापलेली शाई अशी निघत नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानं अंगठा पँटला पुसला, पुन्हा पुसला, आणि व्यंकटरावांकडं न बघता म्हणाला, "आज दुकान लवकर लावून घेतो. तुमी बी घरला जा... जपून."

सिडकोतल्या घरी येऊन व्यंकटरावांनी दिवा लावला आणि कपाट उघडलं. अंबिकेची बॅग तशीच होती. वर्षभर त्यांनी तिची चेन ओढली नव्हती. वर झबली होती, तिच्या जुन्या सुती लुगड्यांची शिवलेली, खाली काजळाची डबी. झाकण नुसतं टेकलेलं होतं. आत काजळ ओलसर चमकत होतं, आणि त्यात एका बोटाचे खोल खळगे. प्रत्येकाच्या तळाशी आडवी बारीक रेघ.

ते पलंगावर बसले. डबी मांडीवर ठेवली. बोलायची सवय मोडली होती, म्हणून आधी घसा खाकरला.

"अगं, पोरगी निघाली आहे हे तुला कळलं. मला फोनवर कळलं, तुला कसं कळलं ते विचारत नाही." खोलीत वास दाटत चालला होता. "पण हे सरकारी काम आहे. तुला सरकारी काम कधी समजलं नाही, माझ्या पगाराखेरीज. गालावर तीट दिसली तर पासपोर्ट नाही. पासपोर्ट नाही तर ती यायची नाही. मग तू कुणाला लावणार आहेस?"

मागं खिडकीचा पडदा हलला. वारा नव्हता.

"लावू नको म्हणत नाही," ते हळू म्हणाले. "तळपायाला लाव. तिथं कॅमेरा बघत नाही... आणि मनी रडतेय गं. तेवढं बघ."

डोक्यावरून कुणी हात फिरवावा, तसं काहीतरी झालं आणि गेलं. व्यंकटराव बराच वेळ मान वळवून बघायला धजले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मनस्विनीला पुन्हा एकदा फोटो काढायला लावला. संध्याकाळी तिचा फोन आला, ओरडतच. "बाबा! स्वच्छ आलाय! एकदम स्वच्छ!"

"लेन्स नीट पुसली असेल," व्यंकटराव म्हणाले. मनात त्यांना नवल एवढंच वाटलं, की सगळ्या संसारात अंबिकेनं त्यांचं पहिल्याच सांगण्यात ऐकलं ते आत्ता.

फोटो पास झाला, पासपोर्ट झाला, तिकिटं निघाली. श्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी मनस्विनी दारात उभी राहिली, कडेवर श्रेया. विश्वजितला रजा नव्हती. तो महिनाभरानं त्यांना न्यायला येणार होता. मनस्विनी आईच्या फोटोपुढं बसून पोटभर रडली. मग डोळे पुसून श्रेयाचे मोजे काढले आणि म्हणाली, "हे बघा ना बाबा. विमानात दिसलं. धुतलं तरी जात नाही." इवल्याशा गुलाबी तळव्यावर काळा ठिपका. मधून रेघ. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मनस्विनीनं तो तळवा ओठांना लावला आणि मोजा पुन्हा चढवला. रात्री झोपवायच्या वेळी ठिपका आपोआप गेलेला होता. प्रवास संपला होता ना.

श्राद्धाची सकाळ. स्वयंपाकघरात खिरीला उकळी आलेली, गुरुजी यायचे होते. व्यंकटराव आंघोळ करून, पंचा नेसून नातीला मांडीवर घेऊन बसले होते. असं बसण्यासाठी त्यांनी वर्ष ढकललं होतं. श्रेयानं त्यांचा कान पकडला, मनसोक्त ओढला, आणि त्यांच्या खांद्यापलीकडं, रिकाम्या दाराकडं बघून खुदकन हसली. हात खाली आणला तेव्हा तिची बोटं काळी होती.

"अगं बाई, हे कुठून माखलं?" मनस्विनी पदर ओला करून पुढं आली आणि वाकली. "बाबा, तुमच्या कानामागं काय लागलंय?"

"गंध असेल."

"गंध नाही. काळं आहे... टिकलीएवढं. आणि मधून..."

ती थांबली. ओल्या पदराचं टोक तिच्या हातात तसंच राहिलं. मग ती बोलली, लहानपणी सोमवारी पहाटे विचारायची तशा आवाजात.

"बाबा... तुम्ही कुठं निघालाय?"

व्यंकटरावांचा पासपोर्ट नव्हता. लासूर स्टेशनलासुद्धा त्यांना आता काही काम नव्हतं. त्यांनी श्रेयाला जरा आणखी जवळ घेतलं.

"कुठं नाही गं," ते म्हणाले. "पण पुसू नकोस."

आतल्या खोलीत, बंद कपाटात, डबीचं झाकण सावकाश फिरलं आणि घट्ट बसलं.