आत आलेली चाकाची खूण

उपासतापास मी पुष्कळ केले, पण लग्नानंतर तिसऱ्या वर्षी देवापुढे हात जोडून एक नेम धरला, तो सगळ्यांत अवघड निघाला. आपल्या हातून काही चुकलं, तर झोपायच्या आधी ते ज्याचं त्याला सांगायचं. एकदा रात्री अकराला शेजारणीचं दार वाजवून सांगितलं, तुमची बरणी मांजराने नाही, मीच फोडली. ती आधी घाबरली, मग हसून हसून तिला ठसका लागला.

हा नेम मला लागला तो मामंजींमुळे, म्हणजे माझ्या सासऱ्यांमुळे. त्यांचा सगळा जन्म घराखालच्या गॅरेजात गेला. नेम धरला त्याच्या आदल्या रात्री जेवणं आटोपून आम्ही गच्चीवर बसलो होतो. धाकटे भाऊजी सकाळी मित्राबरोबर मोटरसायकलवर लांबच्या प्रवासाला निघणार होते. बोलता बोलता म्हणाले, मित्राच्या गाडीचं तेल मीच बदललं, तेव्हापासून तिचा क्लच जरा घसरतोय, पण त्याला कशाला सांगा, उगाच माझी शोभा.

मामंजींनी त्यांना हाताने थांबवलं. मग म्हणाले, "बस. एक ऐक, मग ठरव."

त्यांच्या ओळखीचा एक मिस्त्री होता. पेचकसाचं टोक इंजिनला लावायचा, मूठ कानाला, आणि डोळे मिटून बिघाड सांगायचा. लोक त्याला कानसेन म्हणत. त्यालाही ते गोड लागायचं.

एका सकाळी त्याच्याकडे एक प्रवासी आला. मोठी मोटरसायकल, दोन्ही बाजूंना पेट्या, मागे वळकटी. डोंगरापलीकडे बहिणीकडे चालला होता, तेवढं तेल बदलून द्या म्हणाला. गॅरेजातलं मोटरसायकलचं तेल संपलेलं होतं. कानसेनाने मोटारीच्या तेलाचा डबा उघडला आणि ओतलं. मोटरसायकलीत क्लचच्या प्लेटा त्याच तेलात बुडलेल्या असतात. मोटारीचं तेल बुळबुळीत, त्यात प्लेटा एकमेकींना धरत नाहीत. हे त्याला ठाऊक होतं. एवढ्याने काय होतंय, असंही त्याला वाटलं.

दोन दिवसांनी प्रवासी परतताना पुन्हा थांबला. इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे सरत नाही, म्हणाला. कानसेनाने क्लचच्या लिव्हरची ढील पाहिली. ती बरोबर होती. मग स्वतः चक्कर मारली. तिसऱ्या गिअरमध्ये हळू जाताना एकदम मूठ पिळली. आवाज चढला, गाडी होती तिथेच. क्लच घसरत होता, आणि कशाने ते त्याला तिथेच कळलं.

गॅरेजात चार गिऱ्हाइकं बसली होती. एक जण म्हणाला, काय कानसेन, काय म्हणतंय इंजिन?

चूक कबूल करायला एक वाक्य पुरलं असतं. त्याने केबलचा नट उगाच इकडचा तिकडे फिरवला आणि म्हणाला, "झालं. बिनधास्त जा."

प्रवाशाने मान लववून आभार मानले.

त्याच रात्री दहाला चढावर तो एका ट्रकला ओलांडत होता. समोरून दुसरा आला. त्याने मूठ पिळली असणार. आवाज चढला असणार...

मामंजी थांबले. पाणी मागितलं, पण प्याले नाहीत.

आठ दिवसांनी प्रवाशाची बहीण गॅरेजात आली. तिने फक्त विचारलं, "गाडीत काही होतं का हो, दादा?" तो म्हणाला, गाडी ठणठणीत होती, ताई. म्हणजे मला वाटत होतं तेच, त्यानेच घाई केली, असं म्हणून ती गेली.

त्याच रात्रीची गोष्ट. वार बुधवार, अमावास्येनंतरची रात्र, दोन वाजून दहा मिनिटं. खालून इंजिनचा आवाज आला. शटर बंद होतं, किल्ली उशाशी. आवाज चढत होता. चढत होता. पुढे जात नव्हता.

तो खाली उतरला.

गाडी गॅरेजाच्या मधोमध उभी. वर प्रवासी. हेल्मेटची काच खाली. काचेत काही दिसेना.

"पुन्हा बघा ना जरा."

एवढंच. आवाजात राग नव्हता. राग नसण्यानेच तर जास्त भीती वाटली.

हात आपोआप पेचकसाकडे गेला. टोक इंजिनला. मूठ कानाला. डोळे मिटले.

आत इंजिन नव्हतं.

"आत माझा आवाज होता," मामंजी म्हणाले. "झालं. बिनधास्त जा. झालं. बिनधास्त जा..."

सासूबाई मान खाली घालून पदराचं टोक दुमडत होत्या. त्यांना ठाऊक असावं.

"मी म्हटलं, तेल चुकलं. माझ्या हातून चुकलं. मोठ्याने म्हटलं. आवाज थांबला. डोळे उघडले... कुणी नव्हतं. शटर बंद."

सकाळच्या पहिल्या एसटीने ते त्या बहिणीच्या दारात गेले आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. बराच वेळ दाराची कडी धरून होती. मग म्हणाली, "आठ दिवस मी त्याच्यावरच चिडून होते, दादा. त्याच्या फोटोशीसुद्धा बोलले नाही."

"त्यापेक्षा तिने दोन थोबाडीत मारायला हव्या होत्या," मामंजी म्हणाले. त्यानंतर त्यांनी पेचकस कधी कानाला लावला नाही.

भाऊजी उठले, जिन्यात जाऊन मित्राला फोन लावला. आधी अडखळले. मग ऐकू आलं, "ऐक, तेल मीच चुकीचं घातलं. उद्या निघायचं नाही, आधी ते बदलू."

सकाळी मी एकटीच गॅरेजात गेले. मामंजींनी ती जागा दाखवली नव्हती, पण शोधावी लागली नाही. शटरच्या उंबऱ्यापासून गॅरेजाच्या मधोमधपर्यंत जमिनीवर एका चाकाची काळी, तेलकट खूण होती. घासून घासून भोवतालचा कोबा पांढरा पडला होता, खूण तशीच. मी पदराने पुसून पाहिली. पदराला ताजं तेल लागलं.

खूण आत येणारी होती. बाहेर जाणारी दुसरी नव्हती.

मी वर आले, हात धुतले आणि देवापुढे नेम बोलले. तुमच्याही मनात असं एखादं वाक्य अडकलेलं असेल, तर आज झोपायच्या आधी ज्याचं त्याला सांगून टाका. उशीर झाला असला तरी सांगा. मामंजींनाही आठ दिवस झालेच होते.