दादा म्हटलं, तिथेच चुकलं

“दादा, जरा सरका ना!”

विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या त्या इमारतीच्या जिन्यात एक जण ऐसपैस बसून दालपकवान खात होता, आणि राजसीला नोकरीच्या पहिल्याच दिवशी उशीर झाला होता. तो सरकला, पण मान वर करून असा काही हसला की… बाई गं! दोन पायऱ्या चढून तिनं उगाचच मागे वळून पाहिलं. तर तोही बघत होता.

वर गेल्यावर कळलं, हाच कैलास. खरवईचा. आता रोज याच्याच शेजारी बसून काम करायचं होतं.

कामही अजबच. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. जुने पत्ते म्हणजे टिंबांनी जोडलेल्या चार छोट्या संख्या, फार तर पंधरा अक्षरं. ते संपत आले, म्हणून नवे लांबलचक पत्ते यायचे होते. त्याआधी इंटरनेटचे जुने नियम वाचायचे, आणि पत्ता जुन्याच पद्धतीचा असणार असं ते लिहिणारे कुठे कुठे धरून चाललेत ते शोधायचं. कैलास वाचायचा, राजसी कान देऊन ऐकायची.

“‘पत्त्यासाठी पंधरा अक्षरांची जागा ठेवावी.’ ठीक आहे ना?”

“ठीक काय? नवा पत्ता मावेल का त्यात? गृहीत धरलंय!”

“च्यायला, पकडलंस! तुझ्यापासून काही लपत नाही यार.”

“लपवायचं आहे का काही… कैलासदादा?”

तो खुर्ची जरा लांब घेऊन पुढचं पान वाचू लागला.

हा ‘दादा’ मात्र तिच्या जिभेवरून हलेना. तिच्या घराकडे कात्रपला भाजीवाला दादा, रिक्षावाला दादा, तसाच हाही. पुढे चहाचा कप देताना बोटाला बोट लागलं की कान तापायला लागले, तरी तोंडात आपलं दादाच! एकाएकी नुसतं ‘कैलास’ म्हणावं, तर अख्ख्या ऑफिसला वास लागला असता. आधी त्यानं बोलावं, मग सोडू दादा, असं बाईसाहेबांनी मनाशी ठरवून टाकलं. आणि बसली वाट बघत, वेडी!

तो बोलला. बोलला म्हणजे, एका दुपारी पेढ्यांचा बॉक्स समोर धरला.

“साखरपुडा झाला रविवारी. घाईघाईतच. मुलगी कर्जतची… कीर्ती.”

राजसीनं पेढा तोंडात घातला.

“आणि ऐक ना, मला सख्खी बहीण नाही. आई म्हणते, करवली राजसीच. लग्नात करा-दिवा घेऊन माझ्या पाठीशी तूच उभं राहायचं.”

तिचे डोळे भरलेच. पुसलेही नाहीत तिनं.

“मी नाही होणार करवली.”

“का गं?”

“कारण तू माझा दादा नाहीस, कैलास. कधीच नव्हतास.”

बॉक्स त्याच्या हातातच राहिला. तो म्हणाला, “मग इतके महिने दादा दादा काय लावलं होतंस? मी दरवेळी बोलायला जायचो… तू दादा म्हणायचीस, मी तोंड मिटायचो. म्हटलं, पोरगी सरळ सांगतेय, आपण हद्दीत राहावं.”

“अरे, मी रिक्षावाल्यालाही दादाच म्हणते!”

“मला काय माहीत! मी धरूनच चाललो…”

आणि दोघांनाही हसू आलं. दिवसभर दुसऱ्यांच्या लिखाणातून हेच तर उपसत होते! हसता हसता राजसीला हुंदका फुटला.

“राजसी… मी घरी बोलू का? अजून—”

त्या ‘अजून’नं तिचा जीव नुसता उसळला. हो म्हणावं, आत्ताच्या आत्ता फोन लाव म्हणावं! पण कर्जतला ती पोरगी नवी अंगठी बोटात फिरवत बसली असेल… तिनं काय कुणाचं वाकडं केलं?

“तुला आवडली ना ती?”

तो खोटं बोलू शकला असता. नाही बोलला.

“तू आपली नाहीस असं समजलो, मग आवडून घेतली. आता… आवडते.”

“मग घरी काही बोलू नकोस.”

त्यानं पेढ्यांचा बॉक्स बंद केला. मग हळूच विचारलं, “लग्नाला तरी येशील?”

“येईन की. अक्षता टाकीन, जेवीन, निघेन. पण तुझ्या पाठीशी नाही रे उभी राहणार… मला शेजारी उभं राहायचं होतं.”